पाच हातांचा डाव

कला माणसातलं जनावर शांत करते.

हे वाक्य वेणीमाधव करकंबकर मास्तरांनी सोलापुरातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं सांगितलं. दर सोमवारी, पाचवी ते आठवीच्या सगळ्या तुकड्यांना. सांगताना त्यांच्या हातात सागवानी फूटपट्टी असे, आणि वाक्य संपेपर्यंत ज्याच्यातलं जनावर शांत झालेलं नसे त्याच्या बोटांच्या पेरांवर ती उतरे. आडवी नाही, उभी. आडव्या पट्टीनं नुसता आवाज होतो, असं त्यांचं अनुभवातून आलेलं मत होतं. शहरातले दोन वकील, एक सर्जन आणि बरेचसे आडत दुकानदार सही करताना मधलं बोट किंचित बाजूला धरतात, तो चित्रकलेचा संस्कार आहे.

त्र्याहत्तर साली मास्तर निवृत्त झाले. शाळेनं त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि फूटपट्टी डेडस्टॉक रजिस्टरात चढवलेली असल्यामुळं ती ठेवून घेतली. पुढं कितीतरी दिवस मास्तरांना आपला उजवा हात उगाच हलका वाटत होता.

घरात बघण्यासारखी वस्तू एकच होती. पुढच्या खोलीत, आरसा आणि पंचांग यांच्या मधल्या जागेत, काचेच्या फ्रेममध्ये एक चित्र. एका गिरणीतला परदेशी विव्हिंग मास्तर देश सोडून गेला तेव्हा त्याची पुस्तकं रद्दीत निघाली होती, त्यातल्या एका फाटक्या पुस्तकातलं हे पान. स्पेनच्या कुणा आधुनिक चित्रकारानं एका संध्याकाळी बॅले नावाचा नाच पाहिला आणि घरी येऊन टाकानं, काळ्या शाईनं, तो आठवून काढला, एवढं खाली इंग्रजीत छापलेलं होतं. रेघा मोजून पंधरा-सोळा. खाली एक गडी एका गुडघ्यावर बसलेला. त्याच्या खांद्यावरून धनुष्यासारखी मागं वाकलेली एक बाई, तिचा एक पाय सरळ आभाळात. तोंडं दोघांचीही काढलेली नव्हती. तिचं पोट आणि त्याची पाठ एकाच रेघेत भागवली होती. गड्याच्या टेकलेल्या गुडघ्यापाशी शाईचा डाग पडला होता, तो तसाच छापला होता.

मास्तरांना हे जगातलं सगळ्यात सुंदर चित्र वाटे. अडचण एवढीच, की अठरा वर्षांत दुसऱ्या कुणी त्याच्याकडं बघितलं नव्हतं. येणारा-जाणारा आरशात बघे, पंचांगात बघे, मध्ये थांबत नसे. एकदा शिक्षण खात्याचे साहेब चहाला आले होते, त्यांनी हा कुठल्या तालुक्याचा नकाशा असं विचारलं. मास्तरांची बायको प्रभाताई रोज काच पुसत, पण त्यांचं म्हणणं, लोकांकडं शाई सांडली तर पुसतात, आमच्याकडं फ्रेम करतात. मरायच्या आत एका तरी माणसानं हे चित्र नीट बघावं, एवढी एकच इच्छा मास्तरांच्या पोटात राहिली होती.

ती पुरी करायला निंगप्पा वस्ताद आले.

निंगप्पांची साठी उलटलेली. मातीत घासून घासून दोन्ही कानांची भजी झालेली, आणि मान जवळजवळ नव्हतीच; डोकं थेट खांद्यांवर ठेवून दिल्यासारखं. ते आले होते मारुतीसाठी. त्यांच्या तालमीच्या भिंतीवरचा मारुती चुना मारताना पुसला गेला होता, तो मास्तरांनी नव्यानं काढून द्यावा. मात्र शेपटासकट, असं त्यांनी दोनदा बजावलं. आधीच्या पेंटरनं भिंत संपली म्हणून शेपूट आखूड केलं होतं, आणि तेव्हापासून तालमीचं यशही तेवढंच राहिलं, असं त्यांचं मत होतं. मास्तर हो म्हणाले. प्रभाताई चहा घेऊन आल्या. वस्तादांनी कप उचलला, सहज वर बघितलं, आणि कप तिथंच थांबला.

पाच मिनिटं गेली. वस्ताद उठून चित्राजवळ गेले. मग मागं आले. मग जमिनीवर बसून खालून बघितलं. चहावर साय धरली. मास्तर खुर्चीत अवघडून बसले होते. अर्धा तास झाला असेल. मग निंगप्पा वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, ह्यो डाव कुणाचा?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. हा कुस्तीतला डाव नाही, नाच आहे, बॅले म्हणतात, खाली आहे तो नाचणारा, वर आहे ती नाचणारी. निंगप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फक्त डोळ्यांनी हसले.

"असू द्या, असू द्या. आमचे वस्ताद बी असंच म्हनायचे."

तालमींची एक रीत आहे, आणि ती मास्तरांना ठाऊक नव्हती. कुठलाही वस्ताद पठ्ठ्यांना सगळे डाव देतो, एक ठेवून घेतो. तो डाव कुणी पाहिला आणि विचारलं तर वस्तादानं कानांवर हात ठेवायचे: छे, तो कसला डाव, पाठीत उसण भरली होती म्हणून वाकलो. जितका डाव भारी तितकी उसण जुनी. निंगप्पांच्या वस्तादांनी तर मरताना, जीभ जड झालेली असताना, शेवटचा डाव विचारल्यावर खुणेनं सांगितलं की गुडघ्याला मुंगी चावली होती. आणि मुंगीसकट गेले. तेव्हा डावाला कुणी नाच म्हणतो म्हटल्यावर निंगप्पांना शंकेला जागाच राहिली नाही. एवढी मोठी थाप आजवर कुठल्याच वस्तादानं मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नारळ, भरजरी फेटा, शेरभर पेढे आणि शिवपुत्राला घेऊन आले.

शिवपुत्र हा त्यांचा लाडका पठ्ठ्या. चोवीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. बार्शीकडच्या गोपाळ पैलवानानं त्याला दोनदा पाडलं होतं. पहिल्यांदा अंगठा उखडला. दुसऱ्यांदा चीत केल्यावर गोपाळ उठलाच नाही. शिवपुत्राच्या छातीवर बसूनच त्यानं बक्षिसाचा फेटा डोक्याला बांधून घेतला, आणि बांधणाऱ्याला घाई नव्हती. त्या दिवसापासून शिवपुत्र कामापुरतंच बोलत असे. बहात्तरच्या दुष्काळामुळं दोन वर्षं जत्रेच्या कुस्त्या बंद होत्या. यंदा मंद्रूपच्या पुढच्या एका गावची जत्रा पुन्हा भरणार होती, आणि तिथं तिसरी कुस्ती लागलेली होती. तिसऱ्यांदा पडलो तर कुस्ती सोडीन, लांग मारुतीपुढं ठेवून बाजार समितीत पोती उचलीन, असं त्यानं वस्तादांना सांगून टाकलं होतं.

तो मास्तरांच्या पायांवर आडवा झाला. एकतीस वर्षांत मास्तरांच्या पायांवर एवढं वजन कधी पडलं नव्हतं. नमस्कार वगैरे ठीक आहे, पण हा खरोखरच नाच आहे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात निंगप्पांनी विचारलं, "मास्तर, हात किती मोजले तुमी?"

मास्तरांनी हात कधी मोजले नव्हते. अठरा वर्षांत नाही. ते काचेजवळ गेले, बोट लावून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. मग त्यांचं बोट थांबलं. पाच. दोन माणसं आणि हात पाच.

मास्तरांनी घाईघाईनं सांगितलं की आधुनिक चित्रकार असं स्वातंत्र्य घेतात, किंवा त्याची चूकही झाली असेल.

"चूक कशाला हुतीया?" निंगप्पा म्हणाले. "ह्यो मानंवर हाय आनि ह्यो कमरंला हाय, पर हात एकच की. आदी मानंवर हुता, मग कमरंला आला. दोन्ही टायमाचा काढलाय गड्यानं. डाव हालतोय न्हवं, मग हात एका जागी ऱ्हाईल कसा?"

मास्तरांनी पुन्हा चित्राकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते चित्र हललं. बाई वाकली, हात मानेवरून घसरून कमरेत गेला, पाय वर गेला. अठरा वर्षं ते ज्याला सौंदर्य म्हणत होते ते नुसतं उभं होतं. या भजीच्या कानांच्या माणसानं ते चालू करून दिलं. आता याला कुठल्या तोंडानं सांगायचं की तू चुकतोयस? मास्तरांनी उघडलेलं तोंड मिटलं. निंगप्पांनी डोक्यावर ठेवलेला फेटा त्यांना ढगळ झाला, कपाळावरून खाली येत होता, पण त्यांनी तो काढला नाही.

अशा रीतीनं वेणीमाधव करकंबकर, वय अठ्ठावन्न, छाती एकतीस इंच, तालमीचे वस्ताद झाले.

रोज पहाटे फ्रेम टॉवेलात गुंडाळून ते तालमीत नेत. फ्रेम खुंटीला टांगली जाई, तिला उदबत्ती लागे, मग मास्तर भिंतीकडं तोंड करून मारुती रंगवत आणि त्यांच्या पाठीमागं तांबड्या मातीत स्पेनचा डाव बसवला जाई. वरच्या माणसाच्या जागेला तालमीतलाच एक पठ्ठ्या, शिवलिंगप्पा, होता. अंगानं रेड्यासारखा, स्वभावानं गाईसारखा आणि पडायला कायम तयार. मारुतीचा मुकुट झाला त्या दिवशी शिवलिंगप्पाचा डावा खांदा निखळला. तो निंगप्पांनी पायानं दाबून जागच्या जागी बसवला; मास्तरांच्या हातातला कुंचला मारुतीच्या भुवईवरून गालापर्यंत गेला. नाक आणि ओठ होईपर्यंत दोन दात गेले. छातीचा शेंदूर भरताना मागून असा आवाज आला, की कुणीतरी ओली फांदी मांडीवर घेऊन मोडली. ती फासळी होती. शिवलिंगप्पा मातीत पडून आढ्याकडं बघत म्हणाला, आता पाय पहिल्यापेक्षा सरळ गेला नव्हं का, मास्तर? मास्तरांनी चित्राकडं बघितलं, शिवलिंगप्पाकडं बघितलं आणि, खोटं कशाला बोलायचं, म्हणाले, थोडा गुडघ्यात वाकतोय.

हे त्यांच्या तोंडून गेलं आणि त्यांचेच कान गरम झाले.

प्रभाताईंना अंगणात बसून सगळ्या बातम्या कळत. एका दुपारी ताट वाढताना त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, त्या मुलाची मान मोडली तर तुम्ही काय करणार? फेटा परत देणार?"

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. गोष्ट अगदी सरळ होती. एक वाक्य सांगायचं होतं: हा डाव नाही. एकदा सांगून झालं होतं, ते मोजण्यात धरता येत नव्हतं. आता ठासून सांगायला हवं होतं, पाय धरून सांगायला हवं होतं, कुणी मातीत उताणा पडून उठायचा राहण्याच्या आत. ते हात धुऊन तडक तालमीत गेले. निंगप्पा एकटेच फ्रेमसमोर मांडी घालून बसले होते. मास्तरांनी घसा खाकरला.

"या, मास्तर. हितं बसा," निंगप्पा म्हणाले. "ह्यो काळा ठिपका मला चार दिस झोपू देत न्हाई."

मास्तर म्हणाले की तो नुसता डाग आहे, टाकातली शाई गळली. निंगप्पांनी मान हलवली. म्हणजे खांदे हलवले. मग म्हणाले, "दोघांचा भार कुटं पडतोय बगा. सगळा येऊन गुडघ्यावर. हितं. टाक हितंच का गळावा? त्या काढनाऱ्या गड्याच्या हातालाच त्यो भार लागला असंल की."

मास्तर खाली बसले. दोघं बराच वेळ डागाकडं बघत होते. बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती. घरी परत जाताना मास्तरांच्या लक्षात आलं की सांगायचं राहिलं.

असं आणखी दोनदा झालं. आणि मग जत्रेचा दिवस उजाडला, तेव्हा मारुती शेंड्यापासून तळव्यापर्यंत पूर्ण झाला होता. फक्त शेपूट राहिलं होतं.

जत्रेच्या गावी नांगरून भिजवलेल्या रानात आखाडा केला होता. दुपारी चारला माणूस दिसेल तिथंवर माणूसच होता. बाभळीवर माणसं, ट्रकच्या टपावर माणसं. एका बाजूला बार्शीकडची, एका बाजूला सोलापूरची, मध्ये हलगी. पंच म्हणून गावचे गुरुबसप्पा पाटील हातात कर्ण्याचा मायक्रोफोन घेऊन उभे होते. मास्तरांना पहिल्या रांगेत घोंगडी टाकून बसवलं होतं, डोक्यावर ढगळ फेटा, मांडीवर टॉवेलात फ्रेम. आता उठून सांगावं, असं त्यांना वाटलं. पण हलगी सुरू झाली होती.

गोपाळ पैलवान उतरला तेव्हा मास्तरांना आपण फार उशीर केला हे स्पष्ट कळलं. तो माणूस नव्हता, माणसाच्या आकाराची भिंत होती. सलामी झाली आणि त्यानं पहिला हात मानेवर असा मारला, की त्याचा आवाज हलगीच्या वर ऐकू आला. मग डोक्यानं डोकं. शिवपुत्राची भुवई फुटली. रक्त डोळ्यात, डोळ्यातून हनुवटीवर आणि तिथून छातीवरच्या मातीत. गोपाळनं त्याला खाली घेतलं, मानेवर गुडघा ठेवला आणि तोंड मातीत घासलं, पाट्यावर चटणी वाटावी तसं, सावकाश. शिवपुत्र सुटला. पुन्हा सापडला. गोपाळनं त्याचा जुना अंगठा शोधून काढला आणि मागं वाकवला. शिवपुत्र ओरडला नाही. त्यानं गोपाळच्या दंडाला चावा घेतला, आणि पंचांनी त्या वेळी नेमकं दुसरीकडं बघितलं, कारण पाटलांचा माल सोलापूरच्या आडतीवर जात असे. वीस मिनिटं हे चाललं होतं. मातीला रक्ताचा आणि तिच्यात पिळलेल्या लिंबांचा वास सुटला होता. बार्शीचे लोक ओरडत होते, फेटा आण रे, छातीवर बसायचंय.

ते ऐकून शिवपुत्र एका गुडघ्यावर बसला.

मास्तर घोंगडीवरून उठले. नको, असं त्यांना ओरडायचं होतं. शिवपुत्राचा हात गोपाळच्या मानेवर गेला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तोच हात कमरेत होता. दोन्ही जागी एकाच वेळी दिसला. पाच हात. सव्वाशे किलोचा गोपाळ त्याच्या खांद्यावरून मागं धनुष्यासारखा वाकला, त्याचा एक पाय उठला आणि सरळ, गुडघ्यात अजिबात न वाकता, आभाळात गेला. एक श्वासभर दोघं तिथंच थांबले. दोघांची तोंडं दिसत नव्हती. तांबड्या मातीवर पंधरा-सोळा रेघा उभ्या होत्या आणि त्यांच्या खाली, टेकलेल्या गुडघ्यापाशी, रक्ताचा एक काळपट डाग. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या स्पेनच्या गड्यानं त्या संध्याकाळी काय पाहिलं असेल ते त्यांना आता दिसलं. किती सुंदर, ते पुटपुटले.

मग गोपाळ डोक्यावर पडला.

आवाज फार मोठा झाला नाही. गोपाळ उताणा पडला होता, मान एका बाजूला, डोळे पांढरे. हलगी थांबली. सोलापूरकरांनी शिवपुत्राला उचललं, पण बार्शीचे वस्ताद आखाड्यात घुसले आणि पंचांसमोर आडवे उभे राहिले. त्या गावचा रिवाज होता, कुस्ती कुठल्या डावावर निकाली झाली ते कर्ण्यावरून पुकारायचं, मगच फेटा द्यायचा. डावाला नाव नसेल तर तो दगा. पुकारा नाव, ते म्हणाले. गुरुबसप्पा पाटलांनी मायक्रोफोन तोंडाजवळ नेला, विचार केला आणि खाली घेतला. मग निंगप्पांनी अभिमानानं बोट केलं. डावाचे धनी तिथं बसलेत. त्यांना विचारा.

मास्तरांना दोघांनी दंडाला धरून आखाड्यात आणलं. मायक्रोफोन त्यांच्या तोंडाला लागला. समोर गोपाळ पडला होता. कुणीतरी त्याच्या नाकाशी कांदा फोडून धरला होता आणि तो हलत नव्हता. कुठलंही नाव चाललं असतं. स्पेनपट म्हटलं असतं तरी पाटलांनी पुकारलं असतं, फेटा मिळाला असता, शिवपुत्राची पोती टळली असती. मास्तरांनी त्या पांढऱ्या डोळ्यांकडं बघितलं. माणूस मेला, आणि आपण काय म्हणालो, तर किती सुंदर. एकतीस वर्षांत सांगितलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना, ते खरं तेच बोलले.

"हा डाव नाही," ते म्हणाले. कर्णे चार दिशांना होते. "हा नाच आहे. परदेशातला. खाली आहे तो नाचणारा आहे, आणि वर आहे ती बाई आहे. चूक माझी आहे."

आणि पुरावा म्हणून त्यांनी टॉवेल सोडून फ्रेम वर धरली.

एवढी माणसं इतकी गप्प बसलेली त्या रानानं पूर्वी पाहिली नव्हती. मग बार्शीकडच्या लोकांच्या लक्षात आलं, की आपल्या पैलवानाला बाई म्हटलेलं आहे. जवळजवळ त्याच क्षणी सोलापूरकरांच्या लक्षात आलं, की आपला पैलवान नाच्या ठरलेला आहे. बार्शी आणि सोलापूर यांचं एखाद्या गोष्टीवर इतक्या झटकन एकमत पूर्वी कधी झालं नसेल. पहिला दगड कुठून आला ते पुढं पोलिसांनाही ठरवता आलं नाही. तो मास्तरांच्या समोरच्या दाताला लागला, आणि दोन्ही बाजूंचं समाधान झालं.

नंतर जे झालं त्याला मारामारी म्हणणं कमीपणाचं होईल. काठ्या निघाल्या, ट्रकच्या फळ्या निघाल्या, बाभळीवरची माणसं फांदीसकट खाली आली. हलगीवाल्याच्या डोक्यात त्याचीच हलगी बसली, आणि तिच्यातून शेवटचा ठोका फार स्वच्छ निघाला. गिरणीतला एक मुकादम कर्ण्याच्या मायक्रोफोननं माणसं झोडत होता. तार तुटलेली नसल्यामुळं प्रत्येक फटका चार दिशांना ऐकू जात होता. गुरुबसप्पा पाटील शांतता राखा म्हणत असताना त्यांना कुणीतरी उचललं आणि ठेवायचं विसरलं. या गोंधळात गोपाळ पैलवान उठून बसला. त्यानं कांदा बाजूला केला, कुणी जिंकलं असं शेजारच्याला विचारलं, अजून ठरत नाही असं उत्तर मिळाल्यावर एक बाकडं उचललं आणि ठरवायला लागला.

मास्तरांना हे दिसलं. गोपाळ जिवंत आहे हे बघून त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि नेमक्या त्याच वेळी बार्शीच्या वस्तादांनी फ्रेमला हात घातला.

"सोडा," मास्तर म्हणाले. तोंडातून रक्त आलं. वस्तादांनी ओढली.

मग मास्तरांच्या उजव्या हातात कितीतरी महिन्यांनी ते जुनं वजन परत आलं. त्यांनी फ्रेम हिसकली, वर उचलली आणि वस्तादांच्या पेरांवर मारली. आडवी नाही, उभी. वस्ताद कळवळून ओरडले. मास्तरांनी पुन्हा मारली, मग कपाळावर, मग जो समोर येईल त्याला. काच फुटली, लाकूड निघालं, ते मारतच होते, आणि प्रत्येक फटक्याबरोबर त्यांच्या तोंडून, समोरचा दात नसल्यामुळं जरा फुसकं, पण सोमवारच्याच सुरात, काहीतरी निघत होतं. पुढं जबानीत एका साक्षीदारानं सांगितलं, म्हातारा मारताना सारखा शांत करते, शांत करते असं म्हणत होता. शेवटी गोपाळनं त्यांचा तो हात धरला आणि कोपरातून असा फिरवला, की मास्तरांना आपली स्वतःची करंगळी मागून दिसली. त्यानंतरचं त्यांना आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी निंगप्पा दवाखान्यात आले. त्यांच्या डोक्याला इतकं बँडेज होतं की कान प्रथमच सपाट दिसत होते. मास्तर खाटेवर पडले होते; उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, दोन फासळ्या पट्ट्यांत. प्रभाताई डब्यातला भात कालवत होत्या. शिवपुत्राला फेटा मिळाला नव्हता, पण तो पडलाही नव्हता, तेव्हा लांग मारुतीपुढं ठेवायची की नाही हे पंचांच्या पुढच्या बैठकीवर अवलंबून होतं. आणि पंचांची पुढची बैठक पाटलांच्या पाठीवर.

मास्तरांना एवढंच हवं होतं, की या माणसाला आता तरी कळावं. त्यांनी डाव्या हातानं निंगप्पांचं मनगट धरलं. "निंगप्पा, माझं ऐका. तो खरंच नाच आहे हो."

निंगप्पांचे डोळे भरून आले.

"मास्तर, हाड मोडून घेतलं, दात दिला," ते म्हणाले, "पर हजार मानसांत, कर्न्यावर बी, डाव कबूल केला न्हाईसा. आमचे वस्ताद तरी मुंगीवरच थांबले. असा वस्ताद मी बगितला न्हाई."

प्रभाताईंनी भात कालवायचा थांबवून नवऱ्याकडं बघितलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग चित्राचं काय झालं ते विचारलं.

निंगप्पांनी धोतराच्या सोग्यातून घडी काढली. अर्धं पान होतं, आडवं फाटलेलं. बाईचं वाकलेलं धड आणि आभाळातला पाय बार्शीला गेला होता, आणि तिथल्या तालमीत त्याला उदबत्ती लागली होती, अशी पक्की खबर होती.

"नेऊ द्या की. पडनाऱ्याचा भाग त्यांच्याकडं गेला," निंगप्पा म्हणाले. "गुडघा आपल्याकडं हाय. आनि ठिपका बी."

मास्तरांनी डोळे उघडले. अर्ध्या पानावर एक गुडघा होता, दीड रेघेची पाठ होती, कुठूनतरी आलेले तीन हात होते आणि डाग. ते एकटक बघत राहिले. आणि आश्चर्य म्हणजे भार अजून तिथंच पडत होता. वरचं माणूस गेलं तरी गुडघ्याला ते कळलेलं नव्हतं. हे आजवर कुणीच सांगितलेलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या आत काहीतरी मोठं, शांत, सोमवारसारखं वर येऊ लागलं. त्यांनी पट्ट्यांमधून जमेल तेवढा श्वास भरून घेतला.

"निंगप्पा," ते म्हणाले, "कला ही—"

"व्हय मास्तर, त्येच म्हनायला आलोय," निंगप्पा खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "मारुतीचं शेपूट तेवढं ऱ्हायलंय. डाव्या हातानं जमंल का?"